सगळ्या गावानं ऐकलं

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. तोंडाशी निमुळता, पुढे पसरट आणि मधोमध एक पोचा. खाडीकाठची मंडळी मला भोंगा म्हणतात. मी आयुष्यभर एका माणसाचा आवाज मोठा करत आलो आणि त्यातल्या एका हाकेची मला आजही लाज वाटते.

महायुद्ध संपून शिपाई घरी परतत होते, त्या सुमाराला पनवेलच्या बाजारात माझा जन्म झाला. डबे आणि नरसाळी बनवणाऱ्या गणूच्या दुकानात एक ताठ कण्याचे गृहस्थ आले. पलटणीत कवायत शिकवून आलेले हे दिनानाथ सर. त्यांनी हात पसरून माप दाखवलं. गणू म्हणाला, "मास्तर, एवढ्या मोठ्या नरसाळ्यातनं ओतायचं तरी काय?"

"आवाज," सर म्हणाले. गणू हसला, पण त्यानं मन लावून मला घडवलं आणि सांध्यांना पक्का डाख दिला.

सर आधी शाळेत कवायत घेत. पुढे गावात कॉलेज निघालं, तेव्हा ते तिथे खेळांचे शिक्षक झाले. कॉलेजला मैदान नव्हतं. भाताची कापणी झाली की सर कुणातरी शेतमालकाची मनधरणी करून एक खाचर मागून घेत. मुलांना घेऊन धसकटं काढायची, ढेकळं फोडायची, चुन्याची फक्की मारून ट्रॅक आखायचा. पुढच्या पेरणीला तो नांगराखाली जाई. कापणीनंतर पुन्हा नवा ट्रॅक, पुन्हा तीच मनधरणी. सर कधी कुरकुरले नाहीत.

पण त्यांचा खरा जीव क्रॉस कंट्रीत होता. मुलं बांधाबांधानं, ओढ्यातून, मिठागराच्या कडेकडेनं पळायची आणि सर टेकाडावर उभे राहून मला तोंडाला लावायचे. "खांदे सैल सोड!" "चढाला पावलं लहान टाक!" माझ्यातून निघालेला शब्द पार खाडीपलीकडे जायचा. कॉलेजनं ढाल जिंकली की मुलं मला झेंडूची माळ घालून मिरवायची. मी तर स्वतःला नवरदेवच समजायचो. पळायचं मुलांनी आणि फुगायचं मी!

सरांच्या हाताखाली पुष्कळ मुलं आली, पण जगनसारखा पळणारा दुसरा आला नाही. मिठागरात राबणाऱ्या आनंदा नावाच्या गड्याचा हा मुलगा. सकाळी खाडीकाठच्या गावाहून चालत यायचा, सराव करायचा आणि तसाच वर्गात जाऊन बसायचा. पोर उपाशी पळतं आहे, हे सरांच्या लक्षात आलं. ते त्याला काही न विचारता घरी घेऊन गेले. सरांच्या पत्नी गोदूकाकी यांनी पान मांडलं. पहिली भाकरी संपायच्या आत दुसरी पानात. जगन लाजून "पुरे, काकी" म्हणाला, तर काकी म्हणाल्या, "पायांना विचारून सांग." त्या दिवसापासून जगन रोज तिथेच जेवू लागला.

एका वर्षी आंतरमहाविद्यालयीन शर्यत भरवायचा मान पनवेलला मिळाला. मुंबई-ठाण्याचे संघ येणार होते. सरांनी मार्ग स्वतः आखला, तो जगनच्याच गावच्या बांधांवरून. पहिला येईल त्याला विद्यापीठाच्या संघात जागा होती. जगनचे आईवडील, सगळा गाव, कॉलेजची मुलं, झाडून सारे बघायला आले. त्या दिवशी खाडीला मोठं उधाण होतं.

जगन सुटला तो पुढेच. खाडीलगतच्या मोठ्या बांधावर तो एकटा दिसत होता, बाकीचे खूप मागे. माझ्या पत्र्याला तर हर्षानं कंप सुटला. आणि एकाएकी जगन थांबला. त्यानं खाली वाकून पाहिलं, बांधावरून चिखलात उडी मारली आणि तिथेच बसकण मारली. मागचे आले, त्याला ओलांडून गेले. जगन उठला नाही.

सरांचा तोल सुटला. त्यांनी मला तोंडाला लावलं.

"जगन! ऊठ! ऊठ भेकडा! पाय गळाले काय रे? रोज माझ्या घरी बसून गिळतोस, ते ह्याच्यासाठी? माझ्या बायकोनं थापलेल्या भाकऱ्या गेल्या कुठे?"

मित्रांनो, त्या क्षणी गणूचा डाख सुटून माझे दोन तुकडे झाले असते तर किती बरं झालं असतं! आपल्याकडे जेवू घातलेलं कुणी काढत नाही. भांडण झालं तरी नाही, हाडवैर झालं तरी नाही. सरांनी ते काढलं आणि मी ते घराघरात पोचवलं.

गावची माणसं तोवर घमेली आणि पेंढा घेऊन धावत सुटली होती. त्यांना न सांगताच कळलं होतं. बांध फुटून खांड पडली होती. खाडीचं खारं पाणी एकदा शेतात शिरलं की कित्येक हंगाम तिथे भात होत नाही. म्हणून त्या गावात रीतच आहे: खांड ज्याला दिसेल त्यानं मदतीला कुणाला बोलवायला जायचं नाही, आधी स्वतः तिच्यात बसायचं. जगन त्या भगदाडाला पाठ लावून बसला होता. तो उठला असता तर पाणी आत आलं असतं. सर "ऊठ" म्हणत राहिले आणि तो बसल्या जागी सगळं ऐकत राहिला. माणसांनी खांड बुजवून त्याला वर काढलं, तेव्हा कुठे सरांना उमगलं.

सर घरी आले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. गोदूकाकी म्हणाल्या, "तुम्ही माझं अन्न काढलंत. आता ह्या घरात मी कुणाला कोणत्या तोंडानं वाढू?"

दुसऱ्या दिवशी सर मला सवयीनं खांद्याला अडकवून जगनच्या घरी गेले. जगनच्या बापानं, आनंदानं, पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. सर हळूच म्हणाले, "आनंदा, माझं चुकलं."

आनंदा समोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "सर, तुमी बोललाव ते सगल्या गावानं आयकलं. माफी आमी घरच्यांनीच आयकायची काय?"

सरांचा हात माझ्या मुठीवर आला. त्यांनी मला अर्ध्यावर उचललं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, उचला, सर, उचला! पण कॉलेजच्या शिक्षकानं भोंग्यातून माफी मागायची? हात खाली आला. दारातून जगन एवढंच म्हणाला, "मी आता येनार नाय, सर." त्यानं कॉलेजही सोडलं आणि बापाबरोबर मिठागरात उतरला.

त्यानंतर सरांनी मला कधी तोंडाला लावलं नाही. शिट्टीवर काम भागवलं. आणखी मुलं घडली, आणखी ढाली आल्या. मी सामानाच्या खोलीत गंजत पडलो. मला त्याचं दुःख नव्हतं, मला बाहेर तोंड दाखवायचंच नव्हतं.

सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं समारंभ केला. त्यांची आठवण म्हणून मला पुसून टेबलावर मांडलं. लाउडस्पीकरवर प्रमुख पाहुणे बोलू लागले, "सरांनी गरीब मुलांना स्वतःच्या घरी जेवू घातलं, हे आपण विसरता कामा नये..." टाळ्या पडल्या. पुन्हा तेच जेवण, पुन्हा सगळ्यांसमोर! सरांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी गळ्यातला हार काढला, मला उचललं आणि भाषण चालू असतानाच ते मंडपाबाहेर पडले. गोदूकाकी त्यांच्या मागोमाग निघाल्या.

जगनच्या गावच्या मिठागरात मीठ ओढायचं काम जोरात चाललं होतं. सर बांधावर चढले. दम लागला होता. त्यांनी मला तोंडाला लावलं.

"जगन! मी दिनानाथ बोलतोय. त्या दिवशी तू गावाचं भात वाचवत होतास आणि मी तुझं जेवण काढलं. चूक माझी होती. सगळ्यांनी ऐका, चूक माझी होती!"

आवाज चिरका झाला होता. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. माणसांनी हातातली कामं थांबवली. जगननं मात्र मान वर केली नाही. हातातला ढीग पुरा करून मग तो सावकाश आला. त्याच्या पायांना मिठानं भेगा पडल्या होत्या.

"आता पलायला पाय नाय राहिलं, सर," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याची आई भामा पुढे आली आणि गोदूकाकींचा हात धरून म्हणाली, "उन्हाचं आलाव. जेवून जा."

भात होता, सुकटीचं कालवण होतं. भामानं न विचारता सरांच्या पानात आणखी भात वाढला. त्या खांडीबद्दल, त्या शर्यतीबद्दल गावात अजून बोलतात, पण सर त्या घरी जेवले हे त्या घरानं कधी कुणाला सांगितलं नाही. आज मीच बोललो, आणि तेही शरमेनं.

मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात ठेवू नका. चारचौघांत कुणाला काही बोलून बसलात तर मला घेऊन जा, मी तयार आहे. पण लवकर या. सरांची माफी सगळ्या गावानं ऐकली खरी, पण तोवर जगनचं पळायचं वय निघून गेलं होतं.