सासऱ्यांची हरकत

धंदा बुडालेल्या माणसाला आणि त्याच्या घेणेकऱ्यांना एका टेबलाशी बसवून हप्त्यांचा करार घडवायचा, हे वकीलबाईंचं काम. हरकती त्यांना नव्या नव्हत्या. कुणी हप्ता वाढवा म्हणे, कुणी मुदत कमी करा. बाई सगळ्यांचं ऐकून घेत आणि हळूहळू गाडी रुळावर आणत.

त्या दुपारी शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची बैठक होती. शेजारी बायको, समोर बँकेचा साहेब, सुट्या भागांचा व्यापारी आणि गाळ्याची मालकीण. यादीतलं पहिलं नाव सासऱ्यांचं होतं. त्यांचे पैसे सगळ्यांच्या आधी द्यायचे, हा मिस्त्रीचाच हट्ट. व्यापाऱ्याने त्यावरून बरीच खळखळ केली. शेवटी मिस्त्रीच्या बायकोने आपल्या पगारातूनही भर घालायचं कबूल केलं, तेव्हा कुठे तो नरमला. आणखी कुणाची हरकत आहे का, बाईंनी विचारलं.

"माझी आहे."

दाराजवळ एक म्हातारा उभा होता. गळ्यात शिंप्याची टेप. खोलीत एकदम गारठा शिरला. मालकिणीने हात पोटाशी आवळून घेतले. मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. आपणच सासरे, असं म्हाताऱ्याने सांगितलं.

"तुमचे तर पहिले मिळणार आहेत, आजोबा. मग हरकत कसली?"

उत्तर मिस्त्रीच्या बायकोने दिलं, अगदी हळू. "बाबांना जाऊन दोन वर्षं झाली."

बँकेचा साहेब हसायला गेला आणि दाराकडे बघून थांबला. दाराची कडी आतून लावलेली होती.

बाईंना इतक्या वर्षांची सवय कामी आली. हरकत आली की ती ऐकायची. बोला, म्हणाल्या.

"पैसे घेऊन मी काय करू?" म्हातारा म्हणाला. "हे येणं बाकी आहे म्हणून मला येता येतं. रोज संध्याकाळी दुकानात बसतो, कामावरून येणारी लेक दिसते. फिटलं की संपलं."

मिस्त्री खाली मान घालून बोलला. दिवस कलला की पाठीत सुई रुतावी तशी नजर रुतते, हातातला स्क्रू सुटतो. आधी यांना मोकळं करायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. बायको त्याच्याकडे बघतच राहिली. तिला कधीच काही दिसलं नव्हतं आणि यानेही कधी सांगितलं नव्हतं.

मग तिने बाईंना विचारलं, "बाबांचा एक हप्ता बाकी ठेवता येईल? मी आहे तोवर?"

घेणेकऱ्याची तयारी असेल तर येईल, बाई म्हणाल्या. म्हाताऱ्याने मान हलवली. मिस्त्रीने एकच अट घातली: संध्याकाळी आपण दुकानात थांबणार नाही.

करार झाला. सह्या करून सगळ्यांनी माना वर केल्या, तेव्हा दाराजवळ कुणी नव्हतं. कडी तशीच होती.

पुढे सगळ्यांचं फिटलं, तो एक हप्ता सोडून. मिस्त्री ऊन उतरायच्या आत घरी जातो. बायको कामावरून सुटून दुकानात येते आणि एकटीच बोलत बसते. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, फोन चालू असेल.

वकीलबाई एकदा तिथून चालल्या होत्या. सहज थबकल्या. लेकीचं बोलणं थांबलं आणि आतून उत्तर आलं. बाईंनी पदर सावरला, पाऊल उचललं आणि कोपऱ्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.