अर्ध्या किमतीचं तिकीट

अम्मानच्या विमानतळावर आमच्या कंपनीची एक लहानशी खोली आहे. तिथे प्रवासी सहसा येत नाहीत, आणि एखादा आलाच तर काहीतरी बिनसलेलं असतं. तिकिटांच्या पैशांवर लक्ष ठेवणं हे माझं काम. कार्ड एकाचं, प्रवासी दुसराच, तिकीट घाईघाईने काढलेलं, असं काही दिसलं की मी कार्डाच्या मालकाला फोन लावते. बहुतेक वेळा बापाने मुलीसाठी तिकीट काढलेलं असतं, नाहीतर नवऱ्याने बायकोसाठी. मी माफी मागून फोन ठेवते.

त्या दिवशी मात्र मालकानेच मला फोन केला. मादबाचे डॉक्टर शिबली, जनावरांचे निवृत्त डॉक्टर. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"पोरी, बँकेचा मेसेज आलाय की मी अलेक्झांड्रियाचं विमानाचं तिकीट काढलं. मी तर अंगणात द्राक्षाचा वेल छाटतोय!"

मी पाहिलं. त्यांच्या कार्डावर तिकीट निघालं होतं खरं, पण वसफिया नावाच्या एका बाईच्या नावाने. विमान दुपारचं होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही बँकेत तक्रार नोंदवा, पैसे परत मिळतील. पुढचं आम्ही बघतो."

"पैशांचं राहू दे. त्या चोरट्या बाईचं तोंड मला बघायचंय. निघालोच मी."

मादबा विमानतळापासून फार लांब नाही. आणि त्यांच्या आवाजावरून वाटलं, गाडी ते अंगणातूनच सुसाट काढणार.

थोड्या वेळाने ती बाई काउंटरवर आली. तिचं तिकीट अडवलेलं होतं, म्हणून तिला माझ्या खोलीत आणलं. साठी ओलांडलेली, काळा भरतकामाचा पायघोळ थोब घातलेली, डोक्यावर पांढरा रुमाल. बॅगेबरोबर कापडात घट्ट बांधलेलं एक बोचकं होतं आणि त्याला ताज्या झातरच्या पानांचा वास येत होता. नाव वसफिया असलं तरी सगळे तिला उम्म सुफयान, म्हणजे सुफयानची आई, म्हणतात, असं तिनेच सांगितलं, आणि विचारलं, "पोरी, माझं वजन जास्त झालं का गं? बॅगेचं म्हणतेय मी."

मी तिला बसवलं आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात सांगितलं की तिकीट चोरलेल्या कार्डावर काढलेलं आहे. तिला ते चटकन कळलं नाही. कळलं तेव्हा तिने बोचकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून बसली.

नियमाप्रमाणे मी विमानतळावरचे पोलीस अधिकारी, कॅप्टन झैदान, यांना बोलावलं. माणूस शांत. त्यांनी खुर्ची ओढली.

"हज्जा, तिकीट कुणाकडून घेतलंत?"

"मीच काढलं."

"कुठून?"

"नेटवरून."

"कुठल्या नेटवरून?"

"जे सगळ्यांकडे असतं, त्याच नेटवरून."

कॅप्टनने तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. जाड बटणांचा, पट्टीने चिकटवलेला जुना फोन. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. "हज्जा, नाव सांगितलंत तर तुम्ही साक्षीदार. नाही सांगितलंत तर मला दुसरं काहीतरी लिहावं लागेल."

तिने बोचक्याची गाठ आणखी आवळली. मी सेजच्या पानांचा चहा मागवला. तो प्यायलाही तिने हात बोचक्यावरून काढला नाही. कॅप्टन बाहेर गेल्यावर ती माझ्याशी बोलली. बहीण अलेक्झांड्रियात दिलेली. अलीकडे ती माणसं विसरायला लागलीय. भाच्याने कळवलं होतं, "खाला, यायचं असेल तर लवकर ये. अजून तुझं नाव घेते." म्हणून ही घाई, आणि म्हणून स्वस्त तिकीट.

"आणि ज्याने दिलं तो?" मी विचारलं.

"शेजारणीचा मुलगा तो, माझ्या जिन्यावर रांगायला शिकला गं. त्याचं नाव पोलिसांपुढे कसं घेऊ?"

तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टर शिबली आत आले. मातीने भरलेले बूट, अंगात जुना कोट, खिशात वेल छाटायची कात्री तशीच. तिला बघून ते दारातच थांबले.

"ही?"

"हीच," मी म्हटलं.

"बाई, माझ्या कार्डावर तुम्ही अलेक्झांड्रियाला निघालात!"

"तुमच्या कार्डावर कशाला? मी विमानात बसणार होते."

डॉक्टरांचा सगळा आवेश खोलीच्या मधोमध अडकला. शेवटी ते खुर्चीत बसले आणि मी त्यांच्यापुढेही चहा ठेवला. कार्डाचा नंबर बाहेर कसा गेला, असं मी विचारलं तर त्यांनी आधी छताकडे पाहिलं.

"पार्सल अडकलंय, थोडं शुल्क भरा, असा मेसेज आला होता. भरलं मी."

"कसलं पार्सल होतं?" उम्म सुफयानने विचारलं.

"तेच तर! मी काही मागवलंच नव्हतं. म्हटलं, बायकोने मागवलं असेल. तिला विचारलं असतं तर तिने खर्चाचं विचारलं असतं."

उम्म सुफयान हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. "म्हणजे अजून त्यांना माहीत नाही?"

"आणि कळणारही नाही," डॉक्टर माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. "आपण दोघं एकाच लांडग्याने ओढलेल्या मेंढ्या, बाई. मीही बाजारात मेंढीचे दात बघितल्याशिवाय हात लावत नाही, आणि इथे बघा."

मग तिने त्यांनाही बहिणीचं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले. मधे एकदा त्यांनी कात्री खिशातून काढली, उगाच न्याहाळली आणि पुन्हा ठेवली. कॅप्टन परत आले तसे ते उठले.

"कॅप्टन, तिकीट मीच काढलंय. या माझ्या ओळखीच्या आहेत. जाऊ द्या त्यांना."

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मला बोलावंच लागलं. "डॉक्टर, तुम्ही असं म्हणालात की विकणाऱ्याचा धंदा पक्का झाला. उद्या या खुर्चीत दुसरं कुणीतरी असेल."

"असू दे. उद्याचं उद्या!"

"नको," उम्म सुफयान म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळे थांबले. "डॉक्टर, अल्ला तुमचं घर भरलेलं ठेवो. पण चोरीच्या वाटेने मी बहिणीच्या दारात नाही जायची. ती मला विसरली तरी मला ते आठवत राहील." मग कॅप्टनना म्हणाली, "एक फोन करू द्याल?"

फोन तिने त्या माणसाला लावला नाही. त्याच्या आईला लावला.

"नजाह, मी आहे. नाही, नाही बसले विमानात. ऐक. तुझ्या मोतासिमने दिलेलं तिकीट चोरीचं निघालं. मी पोलिसांजवळ बसलेय... ओरडू नकोस. नाव नाही घेतलं मी. तू काय करायचं ते तू ठरव." आणि फोन ठेवून दिला.

नाव तिने आमच्या सगळ्यांदेखत घेतलं होतं. कॅप्टन खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी काहीही लिहिलं नाही.

आम्ही वाट बघत बसलो. दुपारचं विमान गेलं. उम्म सुफयानने त्याचा आवाज ऐकला, पण मान वर केली नाही. डॉक्टरांनी बायकोला फोन करून सांगितलं की एका गायीचं बाळंतपण अडलंय.

नजाह टॅक्सीने आली. बारीक चणीची बाई, धापा टाकत. तिच्यामागे मोतासिम. तिशीला टेकलेला, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, आणि पायात घरातल्या सपाता. आईने त्याला बूटही घालू दिले नव्हते.

"हा माझा," नजाहने कॅप्टनना सांगितलं. "काय विचारायचं ते याला विचारा. खोटं बोलला तर मला हाक मारा, मी बाहेर बसलेय."

मोतासिम आधी उम्म सुफयानकडे वळला. "खाला, देवाशपथ, मी कुणाचं कार्ड चोरलं नाही. फोनवर एक गट आहे. तिथला माणूस स्वस्तात तिकिटं देतो, मी थोडं वर घेऊन पुढे देतो. त्याला कधी पाहिलेलंही नाही."

"अर्ध्या किमतीत विमान कोण उडवतं रे?" कॅप्टनने विचारलं.

"विचारलं नाही मी."

"विचारलं नाहीस, की विचारायचं नव्हतं?"

उम्म सुफयान मोतासिमकडे बघत होती, तो बोलेल म्हणून. शेवटी तो हळूच म्हणाला, "विचारायचं नव्हतं." आणि आपला फोन काढून त्याने कॅप्टनच्या पुढ्यात ठेवला.

मी बाहेर आले तर दोघी बाकावर एकमेकींशेजारी बसलेल्या, मधे बोचकं. नजाहच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता.

"नजाह."

"बोलू नकोस माझ्याशी. मला तोंड नाही."

"तोंड नसेल तर नुसतं ऐक. अकाबाहून जहाज जातं. तिथून पुढे बस. मला कागद भरता येत नाहीत आणि एकटीला भीती वाटते. येतेस?"

"जहाजात मला उलट्या होतात."

"होऊ देत. समुद्र काय नवा आहे का, पुष्कळ बघितलंय त्याने."

नजाह रडता रडता फसकन हसली. डॉक्टर जवळच उभे होते. त्यांनी पुन्हा तिकिटाचा विषय काढला, उम्म सुफयानने पुन्हा नाही म्हटलं. "मग निदान गाडीत तरी बसा," ते चिडून म्हणाले. "माझी गाडी चोरीची नाही!" त्यांनी दोघींना अम्मानच्या हाशमी भागात, त्या दोघींच्या इमारतीपाशी नेऊन सोडलं.

मोतासिमच्या फोनवरून पोलिसांनी पुढे आणखी माणसं पकडली. त्याने सगळं सांगितलं म्हणून शिक्षा कमी झाली, पण झाली. दुकानाचं शटर खाली आलं. डॉक्टरांचे पैसे बँकेने परत केले आणि त्यांच्या बायकोला सगळं कळलं. कसं, ते मला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी उम्म सुफयानने मला जेवायला बोलावलं. मक्लूबा केला होता, मांस आणि वांगी घातलेला भात. नजाहही होती, परातीवर भांडं ती उपडं करत होती. मी बहिणीचं विचारलं.

"पोचलो आम्ही," उम्म सुफयान म्हणाली. "बहीजा दारातच उभी होती. आम्हाला बघून धावत आली आणि हिच्या गळ्यात पडली. वसफिया, वसफिया करत."

"मी म्हणणार होते की मी नाही," नजाह म्हणाली.

"मीच हिला चिमटा काढला. म्हटलं, गप राहा. इतक्या आनंदात होती ती. मग काय, रोज हिचा हात धरून बसायची, आमच्या लहानपणीचं हिला सांगायची. आणि ही बावळट माझ्याकडे बघून माना डोलवायची."

"आणि तुम्ही?"

"मी स्वयंपाक करायचे. एकदा बहीजाने हिला हळूच विचारलं, ही बाई कोण गं? चांगली वाटते. हिला राहू दे आपल्याकडे." ती थांबली. "वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिच्या घरात राहायला मिळालं की मला."

नजाहने माझ्या ताटात आणखी वांगं वाढलं. ती स्वतः नीट जेवलीच नाही. तुरुंगात मोतासिमच्या भेटीचा दिवस होता आणि तिला बस गाठायची होती. ती उठली तशी उम्म सुफयानने आतून झाकणाचा डबा आणला, त्यात भात आणि मांसाचे मोठे तुकडे भरले, वर परतलेले बदाम टाकले आणि डबा फडक्यात बांधला.

"त्याला आवडतं ते घेऊन जा," ती म्हणाली. "आणि सांग, खालाने बदाम मोजून नाही घातले."

डबा छातीशी धरून नजाह जिना उतरून गेली.