'घे' म्हटल्याशिवाय

कळंबच्या तालमीतला बार म्हणजे मोटारीचा मोडका आस, दोन्ही टोकांना लोखंडी चाकं. बाकावर उताणं पडून तो छातीवरून उचलायचा. गुंडाप्पा वस्तादांचा धडा सगळ्यांना पाठ होता: पाय जमिनीत रोवा, खांदे बाकाला चिकटवा, कोपरं फाकवू नका, अंगठा बाराभोवती वळवा. आणि उशाशी उभ्या राहिलेल्यानं खालच्यानं 'घे' म्हटल्याशिवाय बाराला बोट लावायचं नाही. आधी हात लागला की पहिलवानाची अब्रू गेली. अब्रू जपायला नियम चांगला होता, बरगड्या जपायला नव्हता.

सोनारीच्या जत्रेतल्या कुस्तीसाठी वस्तादांनी व्यंकटला निवडलं आणि त्याच्या जोडीदाराला, मल्लिकार्जुनला, उशाशी उभं केलं. मल्लिकार्जुनच्या पोटात दुखलं. जोडीदाराचं भलं बघायलाही काळीज लागतं.

एका सकाळी बार वीतभर उठला आणि अडला. व्यंकटचे हात लटपटायला लागले. मल्लिकार्जुनला ते दिसत होतं. 'एकदा तरी हरू दे लेकाला,' असं मनात आलं आणि तो थांबला. बार कोसळला. बरगडी मोडली, जत्रा हुकली.

"त्यानं घे म्हटलंच न्हाय," मल्लिकार्जुन सगळ्यांना सांगत सुटला. ते खरंही होतं. व्यंकट स्वतःच म्हणाला, "माझा अंगठा सुटला." मग कोण बोलणार? मल्लिकार्जुन रोज त्याच्या घरी दूध पोचवू लागला. व्यंकटची आई बानूबाई म्हणायची, "सख्ख्या भावावानी करतूस रं." ते ऐकलं की त्याला स्वतःची शिसारी यायची आणि घरी घास गिळवायचा नाही.

दिवाळीनंतर व्यंकट पुन्हा बाकावर आडवा झाला. "मल्ल्या, उशाशी तूच हुबा ऱ्हा."

"दुसऱ्याला सांग." मल्लिकार्जुन मागं सरकला. "तवा मला दिसत हुतं, व्यंकट. म्या मुद्दाम थांबलो."

"ठाव हाय." व्यंकटनं बाराभोवती अंगठे वळवले. "खाली पडलेल्याला वरच्याचं तोंडच दिसतंय की."

"मग कुणाला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर वस्तादांनी तुला तालमीबाहेर काढलं असतं. मग मी कुणासंगं लढू? चल, हात बाराखाली धर."

बार वर गेला, खाली आला, पुन्हा वर जाताना जरासा थरथरला. मल्लिकार्जुननं झडप घालून तो दोन्ही हातांनी धरला. सगळी तालीम खो खो हसली.

"जमत हुतं की, गाढवा! सोड!" व्यंकट खालून ओरडला.

मल्लिकार्जुन रडत होता, आणि बार काही सोडत नव्हता.