आधी तुम्ही

“फोर-वे स्टॉपवर कुणाला मान द्यायचा नसतो. लग्नाची पंगत नाही ती! आपली पाळी आली की निघायचं,” गाडी शिकवताना सुमेधाकाकूंनी बजावलं होतं. देवयानी तेव्हा नुसती हसली होती. एवढं काय त्यात सांगण्यासारखं?

आज ड्रायव्हिंग टेस्ट संपत आली असताना अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या तशाच एका चौकात तिने ब्रेक दाबला. चारही रस्त्यांवर थांबायची पाटी. जो आधी आला तो आधी जाणार. ती आधी आली होती. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सवयीने आरशातून मागची लेकीची कार सीटही पाहिली. आन्या डेकेअरमध्ये होती, तरी पाहिली. आज लायसन्स मिळालं, तर आन्याला आणायला नवऱ्याला, यशला, रोज मीटिंग अर्धवट सोडून पळावं लागणार नव्हतं.

तेवढ्यात समोर करडी गाडी येऊन थांबली. आत सुमेधाकाकूंचे गिरीशकाका.

वडिलांच्या वयाचा माणूस समोर असताना आपण गाडी पुढे दामटायची? देवयानीने हात केला: आधी तुम्ही.

काकांनी मान हलवून उलटा हात केला: छे छे, आधी तू.

तिने पुन्हा केला. त्यांनीही केला. उजवीकडच्या ट्रकवाल्याला काय वाटलं कोण जाणे, तोही हात हलवू लागला.

“मॅम, इट्स युअर टर्न,” परीक्षक बाई म्हणाल्या.

“येस, बट दॅट इज काका.”

“हू?”

देवयानीला आठवलं, काका पूर्वीही असेच थांबून राहायचे. मग शेजारून काकू म्हणायच्या, “अहो, निघा आता!” आणि गाडी सुटायची. काकू जानेवारीत गेल्या. काका आत्ता हात खाली घेऊन शेजारच्या सीटकडे बघत होते.

देवयानीने काच खाली केली.

“अहो काका, निघा आता!”

सूर काकूंचाच लागला. काका दचकले. गाडी लगेच सुटली. जाताना त्यांनी देवयानीकडे पाहिलंच नाही. शेजारच्या सीटवर कलंडलेली पिशवी तेवढी एका हाताने सावरली.

“यू ड्राइव्ह फाइन,” परत आल्यावर परीक्षक बाई म्हणाल्या. “बट ट्रॅफिक कंट्रोल करणं तुमचं काम नाही,” अशा अर्थाचं आणखी बरंच त्या इंग्रजीत बोलल्या.

यशने फोनवर विचारलं, “नापास? कशात गं?”

“मान देण्यात.”

पुढची टेस्ट होईपर्यंत देवयानीला एकटीने गाडी काढता येणार नाही. काका मात्र रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने लायब्ररीत जातात. तेव्हा तुमचं कधी तिकडून जाणं झालं, आणि पाटीपाशी एक करडी गाडी सगळ्या जगाला वाट देत उभी दिसली, तर हॉर्न वाजवू नका. काच खाली करा, आणि शेजारी बसल्यासारखं त्यांना सांगा.