कॅमेऱ्याखालचा फोन

गोदामातला यांत्रिक हात माझा चेहरा बघून चालायचा. मी मान वळवली की तो थांबायचा, समोर बघितलं की खोकं पुढे करायचा. लेकीला पाळणाघरात ठेवल्यापासून माझी मान सारखी फोनकडे वळायची आणि काम रेंगाळायचं. म्हणून मी फोन त्याच्या कॅमेऱ्याखालीच चिकटवला. मी फोनवर पाळणाघराच्या कॅमेऱ्यातून लेकीला बघत बसायचे आणि त्याला वाटायचं, बाईचं लक्ष कामात आहे.

आज लेक रडताना दिसली. तेवढ्यात त्यानं खोकं पुढे केलं आणि माझे हात उठलेच नाहीत. खोकं शेजारच्या मावशींच्या पायावर आदळलं.

"मेल्याला डोळे दिलेत, अक्कल द्यायची राहिली," मावशी कण्हत म्हणाल्या. मी खाली बसून त्यांच्या पायाला पट्टी बांधू लागले. फोन केव्हाच खिशात गेला होता.

मुकादम कागदावर 'यंत्राचा दोष' असं लिहीत होते. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. पण मावशींचा अंगठा माझ्या हातातच काळानिळा पडत होता.

"ते खोडा," मी म्हटलं. "त्याला मी फसवत होते."

मी सगळं सांगितलं. मावशींनी पाय हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि उरलेली पट्टी स्वतःच बांधली.