चाक थोरल्याचं, पन्हळ धाकट्याची

राम राम मित्रांनो! मी एक जुना कडबाकटर हाय. हातानं फिरवायचा. एकानं दांडा धरून चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पत्र्याच्या पन्हळीतून कडबा सारायचा, की चाकावरची पाती त्याची बारीक कुट्टी करतात. माणसं दोन लागतात बरं का. माझं सगळं रामायण तिथंच हाय.

पाटोद्याच्या अंगाला एका वस्तीवर मी ऱ्हातो. दूध सोसायटीनं सभासदांना कटर दिले, तवा राधाकिशननं मला बैलगाडीत घालून आणलं. त्याच्या बायकोनं, सुंदरबाईनं, मला कुंकू लावलं. त्यांची पोरं बंकट आन त्रिंबक माझ्या दांड्याला लोंबकळायची. मी कधी कधी उगंच कुरकुरायचो. तेल मिळायचं ना!

राधाकिशन गेला आन भाऊ बांधावरून भांडले. वाटणीला बसलेले आप्पाराव म्हणले, "सगळं निम्मं निम्मं." मित्रांनो, त्या शहाण्यांनी मलाबी निम्मं केलं! चाक थोरल्या बंकटनं नेलं, पन्हळ धाकट्या त्रिंबकनं. सुंदरबाईच्या वाट्याला आली चांदी गाय आन माझे चार बोल्ट. बोल्ट तिनं चंचीत टाकले, सुपारीसंगं.

तीन वर्षं माझ्या चाकावर बंकटच्या बंड्या वाळल्या. पन्हळीत त्रिंबकच्या कोंबड्यांनी अंडी घातली. एकाच अंगणात ऱ्हाऊन भाऊ बोलायचे न्हाईत. निरोप गाईला सांगायचे. "चांदे, सांग त्याला, टँकर आलाय." ती बिचारी कान हलवायची.

मग बारा सालचा दुष्काळ आला. कडब्याची एकच गंजी उरली. चांदी पाला खायची, जाड धांडं पायाखाली तुडवायची. कुट्टी केली असती तर सगळं पोटात गेलं असतं. पर मी तर दोन घरांत पडलो होतो! दूध आटलं, सोसायटीची केटली अर्धी जायला लागली. एक दिवशी बंकट गाईला म्हणला, "चांदे, सांग त्याला, बाजाराच्या दिवशी तुला इकायची."

सुंदरबाई त्या दिवशी जेवली न्हाई. नवऱ्यानं चांदी वासरू असताना आणलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं थोरल्याचं दार गाठलं. "बंकट, चाक भंगारात घाल. इसाक मिस्त्री म्हणतो ते वाकलंय." मग धाकट्याकडं गेली. "तुझी पन्हळ सडली म्हणं." मिस्त्री महिनाभरात वस्तीवर फिरकला नव्हता! मला लई हसू येत होतं, पर अर्ध्या अंगानं हसणार कसं?

दोघंबी तणतणत आले. एकानं चाक आपटलं, दुसऱ्यानं पन्हळ. "कुठं वाकलंय?" "कुठं सडलीय?" सुंदरबाईनं चंचीतून बोल्ट काढले. "मग बसवून दावा की!"

बसवलं. बंकट तोंड फिरवून चाक फिरवायला लागला. त्रिंबक मान खाली घालून कडबा सारायला लागला. बोलणं काही न्हाई. मित्रांनो, त्या वेळी मात्र मी कुरकुरलो न्हाई, घाबरलो. माझ्यापाशी मुकं ऱ्हाऊन चालत न्हाई. त्रिंबकच्या शर्टाची बाही पेंढीत गुतली, आन हात पात्याकडं वढला गेला.

"दादा, थांब!"

बंकटनं चाकाला छातीच लावली. चाक थांबलं. पातं बोटापासून दोन बोटं लांब. दोघंबी घामानं डबडबले. मग बंकट म्हणला, "बाह्या वर करून बस की बे! आन मला सांगत जा, थांब, चालू."

"तू बोलायचा न्हाईस, मग सांगू कुणाला?"

"गाईला सांगत हुतास न्हाई का इतके दिस?"

सुंदरबाईनं तोंडाला पदर लावला. हसती का रडती, मला कळलं न्हाई.

चांदी इकली न्हाई. रोज सकाळी थोरली सून शिवकन्या पेंढ्या सोडायची, सुंदरबाई कुट्टी पाटीत भरायची आन भाऊ एकमेकाला शिव्या घालत मला फिरवायचे. गंजी पाऊस पडंपर्यंत पुरली.

आता सोसायटीत मोटारीचा कटर आलाय. एकट्या माणसानं बटण दाबायचं. त्रिंबक म्हणला, "दादा, आणू का?"

बंकट लई येळ माझा दांडा पुसत बसला. "मोटार आणल्यावर सकाळचा माझ्याकडं कशाला येशील तू?"

त्रिंबक घरात गेला आन तेलाचा डबा घेऊन आला.

म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्याला तेल द्या, पाती परजा. आन वाटणी करायची येळ आलीच, तर मला अंगणात मधोमध ठिवा. बोल्टासकट.