सतरंजीला टक्कल

आमच्या अंगणाच्या कडेला एक झाड आहे. झाड म्हणायचं ते आपलं मान म्हणून. उंची वीतभरही नाही. जमिनीला चिकटून पसरतं, दरवर्षी नव्यानं फुटतं आणि बारीक जांभळ्या फुलांनी पायवाटेची कड झाकून टाकतं. घरात सगळे त्याला सतरंजी म्हणतात. यंदा सतरंजीला मधोमध टक्कल पडलं.

"उपटून, तुकडे करून परत लावायला हवं," मी नवऱ्याला म्हटलं. "कडेचं कोवळं ठेवायचं, मधलं वाळकं टाकायचं."

"आईचं झाड आहे. हात लावायचा नाही."

माझा नवरा घड्याळजी. लोकांच्या घड्याळांचा स्क्रू न स्क्रू वेगळा करतो, पण आईच्या झाडापुढे त्याचे हातपाय गळतात. टकलावर तो रोज बादलीभर पाणी ओतायचा. त्यानं उरलेलंही कुजायला लागलं. माझं डोकंच फिरलं. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नणंदेकडे गेल्या होत्या. त्या येईपर्यंत सतरंजी मेली, तर कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर उभी राहू?

तो दुकानात गेला तशी मी कुदळ घेतली. सगळी सतरंजी उलटी केली, पाव कापायच्या सुरीनं मुळांसकट तुकडे पाडले आणि थोड्या थोड्या अंतरावर लावले. संध्याकाळी नवऱ्यानं जेवणावर राग काढला. म्हणजे जेवला दुप्पट, पण बोलला नाही.

सासूबाई आल्या तेव्हा कडेला नुसती माती आणि मुठीएवढे झुपके. काठी टेकत त्या तिथेच थांबल्या.

"कुणी केलं हे?"

"मी."

"मीच सांगितलं तिला," नवरा धडधडीत खोटं बोलला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मला तो फार आवडला त्या क्षणी.

"बरं केलंत. कधीचंच करायला हवं होतं. पण तुझ्या बाबांनी लावलेलं रे. ते गेल्यापासून माझा हातच धजावेना."

"बाबांनी? मला वाटायचं, तू लावलंस!"

"मी नुसतं पाणी घालायची."

घमेल्यात एक तुकडा उरला होता. सासूबाईंचा गुडघा वाकेना, म्हणून त्यांनी काठीनं जागा दाखवली. नवरा खाली बसला आणि चिमटीनं माती सारू लागला. वडिलांच्या झाडाला तो पहिल्यांदाच हात लावत होता.

"नीट दाब रे," सासूबाई म्हणाल्या. "मोडत नाही ते."